परतीचा शिक्का

२०२५ सालच्या नोव्हेंबरात पाटस येथील एका गृहस्थांचा दफनविधी मी केला. त्यांची सारी हयात साखर कारखान्याच्या नोकरीत गेली होती आणि नव्या हंगामाचे गाळप सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना ते गेले. घर पुणे-सोलापूर रस्त्यापासून जवळ. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग दारापर्यंत आलेली होती. शवपेटी बाहेर काढण्यासाठी चालकांना दोन ट्रॅक्टर मागे घ्यावे लागले. नातेवाईक, शेजारी, कारखान्यातले जुने सोबती, सगळे जमले होते. नव्हती ती त्यांची एकुलती एक मुलगी. ती अमेरिकेत होती. तिने फोनवरून प्रार्थना ऐकली. तो फोन कोणीतरी पेटीजवळ धरून ठेवला होता.

महिन्याच्या मिस्सासाठी मी पुन्हा त्या घरी गेलो. पाहुणे उठल्यावर आईने मला थांबवले. म्हणाली, "फादर, बाप गेला त्या रात्री पोरगी निघायला तयार होती. जावई म्हणाले, गेलीस तर परत येता येईल याची हमी मी देऊ शकत नाही. म्हणून ती राहिली. तुम्ही शिकलेली माणसं. मला एवढंच सांगा, त्यांनी खरं ते सांगितलं का धमकी दिली?"

मला उत्तर देता आले नाही. घरी परतताना रेल्वे फाटकाशी गाडी थांबली असता तोच प्रश्न मनात घोळत राहिला, आणि पुढे कित्येक आठवडे तो सुटला नाही. प्रश्न एका घरातला खरा. पण आपल्या धर्मग्रामांतून परदेशी गेलेल्या मुलामुलींची संख्या पाहता तो एका घरापुरता राहिलेला नाही, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

प्रथम जावयाच्या म्हणण्यात तथ्य किती ते पाहू. व्हिसा आणि मुक्काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. व्हिसा हा पासपोर्टात चिकटवलेला, सीमेवर दाखवायचा कागद. तो दारापर्यंत नेतो. आत किती काळ राहायचे हे निराळ्या परवानगीने ठरते आणि ती परवानगी तिथेच बसून अर्ज करून वाढवता येते. त्यामुळे व्हिसाची मुदत संपल्यावरही मनुष्य अमेरिकेत वर्षानुवर्षे अगदी कायदेशीरपणे राहू शकतो. मात्र एकदा देशाबाहेर पाऊल टाकले की परतण्यासाठी नवा शिक्का लागतो, आणि तो बाहेरच्या एखाद्या वकिलातीत, आपल्या माणसांच्या बाबतीत बहुधा मुंबईला, मिळवावा लागतो. एकेकाळी अशा नोकरदारांना हे नूतनीकरण अमेरिकेतल्या अमेरिकेत करता येत असे. २००४ साली ती सोय बंद झाली. जानेवारी २०२४ मध्ये २०,००० अर्जांपुरता तसा प्रयोग पुन्हा झाला, पण तो नोकरी करणाऱ्यापुरता. त्याच्या पत्नीला त्यातून वगळले होते.

पाटसची ही मुलगी २०१९ साली लग्न होऊन गेली. तिचा शिक्का तीन वर्षांत संपला. नवऱ्याच्या नोकरीची मुदत वाढत गेली, तिच्या मुक्कामाचीही वाढली, शिक्का मात्र तसाच राहिला. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेक सर्वांची गेली. पुढे डिसेंबरच्या १५ तारखेपासून या नोकरदारांची व त्यांच्या कुटुंबीयांची समाजमाध्यमांवरील खातीही तपासायचे ठरले आणि भारतातील पुष्कळांच्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीसाठी म्हणून आलेली माणसे इथेच अडकली. ती नोव्हेंबरात आली असती तर तिच्यावरही तीच पाळी येण्याचा संभव होता. म्हणजे जावयाचे म्हणणे खरे ठरले.

पण खरे ठरले एवढ्याने ती धमकी नव्हती असे सिद्ध होते काय? "विहीर खोल आहे" हे वाक्य पोहायला निघालेल्या मुलाला त्याची आई सांगते, आणि विहिरीच्या काठावर उभे करून एखादा सावकारही ऋणकोला सांगतो. वाक्य एकच आणि दोन्ही वेळा खरे. सत्य बोलणे हा सद्गुण आहे असे आपण धर्मशिक्षणात शिकवतो. परंतु सत्याचा उपयोग कशासाठी झाला हे वाक्य तपासून कळत नाही, ते बोलणाऱ्याचे हात तपासून कळते.

हे हात कसे आले ते समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्याला मिळतो तो एच-१बी व्हिसा आणि त्याच्या पत्नीला अथवा पतीला व २१ वर्षांखालील मुलांना मिळतो तो एच-४. कायद्याच्या भाषेत दुसरी व्यक्ती अवलंबित. तिचा मुक्काम स्वतःच्या नावावर नसतो. पहिल्याची नोकरी असेपर्यंत आणि विवाह असेपर्यंतच तो असतो. नोकरी गेली तर नवी शोधायला २०१७ पासून जास्तीत जास्त ६० दिवसांची सवड मिळते, आणि ती संपली की दोघांचेही पाय उखडतात. घटस्फोट झाला तर एकटीचे. २०१५ सालच्या मे महिन्यापर्यंत अशा पत्नीला काम करण्याचा परवानाच मिळत नसे; तेव्हापासून मिळू लागला तोही नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा एक टप्पा पार पडला असेल तरच. पाटसची मुलगी पदवीधर परिचारिका आहे. पुण्याच्या रुग्णालयात रात्रपाळ्या करून तिने स्वतःच्या लग्नातले दागिने केले होते. तिकडे गेल्यावर पहिली काही वर्षे तिला भाजी आणायलाही नवऱ्याच्या कार्डाने पैसे द्यावे लागत. यात नवऱ्याचा दोष नाही. पण घरातले दोन्ही दोर एकाच हातात आले की हात कितीही सज्जन असला तरी दुसऱ्याला तो हात पाहूनच बोलावे लागते.

आणि या हाताच्या मालकाच्या गळ्यातही दोर असतो, हे विसरणे अन्यायाचे होईल. एका देशात जन्मलेल्यांना वर्षभराच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत असा तिथला नियम आहे. भारतीयांची रांग त्यामुळे दशकांच्या हिशेबात मोजावी लागते. मालकाची मर्जी, मंदीची बातमी, नव्या फर्मानाची बातमी, असे पहारे देत हा तरुण झोपतो. ज्याला दिवसभर भय वाटते त्याच्या तोंडून घरी भयच बाहेर पडते.

आई मात्र दुसरेच बोलून गेली. घरासमोरून ऊसतोड मजुरांच्या जोड्या जात होत्या. बीड-नगरकडून दरसाल दिवाळीच्या सुमारास येतात तशा. त्यांच्याकडे पाहून ती म्हणाली, "त्यांचं बरं आहे फादर. जोडीनं येतात, जोडीनं जातात."

मी त्या वेळी मान डोलावली. नंतर मला ते खटकले. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, हे या भागात लहान मुलालाही माहीत असते. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि बहुतेक वेळा ती नवऱ्याच्या हाती पडते. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पहाटे भाकऱ्या थापते. हिशेबाच्या वहीत तिचे नाव नसते. तिला नवऱ्यापासून कोणी तोडत नाही हे खरे. पण तिला एकटीला मोजतही नाही. सातासमुद्रापार चकचकीत कचेरीत छापलेला एच-४ चा कागद आणि मुकादमाची मळकी वही यांत, आईला वाटले तेवढे अंतर नाही. दोन्हीकडे विवाह मान्य आहे आणि पत्नी हिशेबात नाही.

मग राष्ट्रांनी सीमेवर विवाहाची चौकशी करूच नये काय? असे मी म्हणणार नाही. आम्ही स्वतः चौकशी करतो. स्नानसंस्काराचा दाखला मागतो, दुसऱ्या धर्मग्रामातील उमेदवार असेल तर तो विवाहाला मोकळा असल्याचे पत्र मागतो, रविवारी देवळात नावे जाहीर करतो. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे तिमाहीचे तपशील निबंधकाकडे पाठवतो. खोटी लग्ने होतात आणि त्यांत फसतात त्या बहुधा मुलीच, हेही मला ठाऊक आहे. श्रीमंत राष्ट्रांनी परक्याला शक्य तितके सामावून घ्यावे ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्याचबरोबर सर्वांच्या हितासाठी शासनाने त्यावर अटी घालण्यास ती हरकत घेत नाही. अट घालणे निराळे आणि माणसाचा विवाह त्याच्यावरच उलटवणे निराळे.

उलटवण्याचा इतिहास जुना आहे. १९१३ सालच्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत हसन इसप नावाच्या हिंदी गृहस्थाच्या पत्नीला देशात येऊ दिले गेले नाही. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा न्या. सर्ल यांनी निर्णय दिला की, बहुपत्नीत्वाला मुभा असलेल्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तिथल्या कायद्याच्या लेखी विवाहच नव्हे. हजारो हिंदू-मुस्लिम पत्नी एका दिवसात कायद्याच्या लेखी पत्नी उरल्या नाहीत. ख्रिस्ती विधीने लागलेल्या विवाहांना धक्का लागला नाही. आपल्या वेदीवरचा विधी दुसऱ्याच्या पत्नीला दाराबाहेर ठेवण्याचे माप बनला, ही गोष्ट मी धर्मगुरू म्हणून वाचतो तेव्हा मान वर करवत नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कस्तुरबा स्वतः सत्याग्रहात उतरल्या, त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि पुढच्या वर्षी कायदा बदलून त्या विवाहांना मान्यता द्यावी लागली.

ब्रिटनची कथा अधिक जवळची. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे काय हे ठरवण्यासाठी, शारीरिक तपासणी करण्यात आली. वृत्तपत्राने ते उघडकीस आणल्यावर तो प्रकार थांबवण्यात आला. शरीराची तपासणी थांबली आणि मनाची सुरू झाली. १९८० नंतरच्या नियमांनी अर्जदारावर असे सिद्ध करण्याचा बोजा टाकला की, ब्रिटनमध्ये शिरणे हा या विवाहाचा मुख्य हेतू नाही. १९९७ च्या जूनमध्ये तो नियम रद्द होईपर्यंत असंख्य जोडपी त्यात सापडली. मला त्या अधिकाऱ्यांची कीव येते. तीस वर्षे पापनिवेदन ऐकल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की, एकाच हेतूने लग्न केलेला मनुष्य मला भेटलेला नाही. प्रेम, घर, आईची सेवा, वय वाढल्याची भीती, शहराची ओढ, शेजाऱ्याच्या मुलाची बरोबरी, सगळे एकाच हारात ओवलेले असते. त्यातला मुख्य मणी कोणता, हे नवरदेवालाही लग्नानंतर दहा वर्षांनी कळले तर कळते.

११ मार्च २०२४ पासून ब्रिटनने आणखी एक पाऊल टाकले. वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी येणाऱ्या नव्या परदेशी सेविकांना पतीला वा मुलांना बरोबर आणण्याची परवानगी उरली नाही. आपले म्हातारे आईवडील सांभाळायला हात हवेत, त्या हातांच्या मागचे घर नको. परमगुरू पायस बारावे यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जो दस्तऐवज काढला त्याची सुरुवातच इजिप्तला पळालेल्या नाझरेथच्या कुटुंबाने होते, आणि १९८३ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत परदेशी काम करणाऱ्याला त्याचे कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र पाहण्याचा हक्क सांगितला आहे. योसेफ ज्या रात्री निघाला त्या रात्री मारिया त्याची अवलंबित म्हणून कोणी नोंदवली नव्हती. दोघेही एका बालकावर अवलंबून होते, असे म्हणणे अधिक खरे.

परंतु व्हॅटिकनची सनद पाटसच्या आईला वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. तिचा प्रश्न वॉशिंग्टनविषयी नव्हता, जावयाविषयी होता.

शेवटी मी त्याला फोन केला. धर्मगुरूने असे करावे की नाही याविषयी माझ्या सहकाऱ्यांत मतभेद होतील. मला तो माझ्याच अपुऱ्या राहिलेल्या कामाचा भाग वाटला. मधल्या काळात एका जाणत्या गृहस्थाकडून मी एवढे समजून घेतले होते की, पत्नीला एकटीने मुंबईला जाऊन शिक्का घ्यायचा असेल तर तिला नवऱ्याच्या नोकरीच्या मंजुरीपत्राची प्रत, मालकाचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि विवाहाचा दाखला असे कागद जवळ लागतात. पहिले तीन त्याच्याच कपाटात असणार. म्हणून मी त्याला धमकीविषयी काही विचारले नाही. एवढेच विचारले, "त्या रात्री ती फाईल तुम्ही तिच्या हातात दिली होती का?"

तो प्रथम रागावला. तिकीट महाग होते, मुलगा लहान आहे, वकिलातीच्या तारखा मिळत नाहीत, असे बरेच सांगितले, आणि त्यातले सगळे खरे होते. मग गप्प झाला. तिकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. शेवटी म्हणाला, "नाही दिली, फादर. पण तिने मागितलीही नाही. मागितली असती तर दिली असती."

मला वाटते, आईच्या प्रश्नाचे उत्तर या वाक्यात आहे. त्याने धमकी दिली नव्हती. त्याला तशी गरजच पडली नव्हती. "ही फाईल, हे तिकीट, तारीख मिळाली नाही तर मी सुट्टी काढून मुलाला घेऊन तिकडे येतो; आता जायचे की नाही ते तू ठरव," असे म्हणून मग त्याने वकिलातीचा धोका सांगितला असता, तर तेच वाक्य सल्ला झाले असते. धोका तोच, पण दोघांनी वाटून घेतलेला. फाईल कपाटात ठेवून सांगितलेला धोका एकटीच्या वाट्याला येतो. मागितल्यावर देणारा मनुष्य उदार असतो. पण पत्नीने नवऱ्याच्या औदार्यावर जगावे असे विवाहात कोणी कबूल केलेले नसते. सहजीवनाच्या बाबतीत दोघांचे हक्क व कर्तव्ये समान आहेत, असे कॅनन कायद्याचे ११३५ वे कलम सांगते. अर्धा वाटा मागून घ्यावा लागत नाही. संत पौल करिंथकरांना विवाहाविषयी लिहितो तेव्हा पतीचा पत्नीवर जो अधिकार सांगतो तोच लगेच पत्नीचा पतीवर सांगतो, आणि काही काळ दूर राहायचे तर दोघांच्या संमतीने, अशी अट घालतो. ती संमती आहे की नुसते गप्प राहणे आहे, हे ओळखण्याची जबाबदारी ज्याच्याकडे कपाटाची किल्ली आहे त्याची.

हे मी त्याला अशाच शब्दांत सांगितले नाही, निम्मेच सांगितले. कारण उरलेले निम्मे माझ्याकडे येत होते. २०१९ साली या दोघांचा विवाह मीच लावला. विवाहपूर्व वर्गात मी त्यांना संततीविषयी, सासरमाहेरच्या देण्याघेण्याविषयी, नित्य प्रार्थनेविषयी शिकवले. वेदीसमोर दोघांनाही स्वेच्छेने आलात ना असे विचारले आणि दोघांनीही मोकळ्या मनाने होकार दिला. विवाहाच्या दिवशी ती स्वतंत्र आहे याची खात्री मी करून घेतली. दुसऱ्या दिवसापासून ती किती स्वतंत्र राहील हे विचारले नाही. तिला कोणता व्हिसा मिळणार, त्यावर काम करता येते काय, तिचे कागद कोणाजवळ राहतील, या गोष्टी ऐहिक म्हणून मी एजंटावर सोडल्या. उलट स्वागतसमारंभात माइक हाती घेऊन "आमची मुलगी अमेरिकेला निघाली" असे मीच कौतुकाने म्हणालो होतो. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तिचे वडीलही त्यांत होते.

परदेशस्थ वराचे स्थळ आले की घरोघरी पगार विचारला जातो, घर भाड्याचे की स्वतःचे ते विचारले जाते. आता मी वर्गात आणखी काही विचारतो. मुलीच्या स्वतःच्या नावाचे बँकेचे खाते तिथे असेल काय? सर्व कागदांच्या दोन प्रती होतील काय, आणि दुसरी तिच्याजवळ राहील काय? परतीच्या तिकिटापुरते पैसे तिच्या हाती असतील काय? गेल्या महिन्यात एका मुलाचे वडील यावर रुसले, म्हणाले, "फादर, लग्नाच्या आधीच तुम्ही मोडण्याचं बघता." दौंडकडच्या एका जोडप्याने मात्र हसून सांगितले की त्यांच्यात परिचारिका मुलगी आहे, व्हिसा तिचा, अवलंबित नवरा; तेव्हा हे प्रश्न त्यांना उलटे लागू करावेत. मी ते उलटे लागू केले. नवरदेव जरा गंभीर झाला.

पाटसच्या आईला मी जावयाचे बोलणे सांगितले. तिने ऐकून घेतले. "म्हणजे वाईट नाहीत," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण पोरीनं मागायला पाहिजे होतं." मी म्हटले, "बाई, तुम्ही कधी मागितलं होतं?" यावर ती काही बोलली नाही; भिंतीवरच्या फोटोचा हार सरळ करून चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतर मुलीचाच फोन आला. फाईल तिच्याकडे आली आहे. मुंबईची तारीख मिळण्यासाठी अर्ज केला आहे आणि नवरा मुलाला घेऊन बरोबर येणार आहे. शिक्का मिळायला वेळ लागला तर तिघेही इथेच थांबतील, मग नोकरीचे जे व्हायचे ते होवो. वडिलांसाठी एक मिस्सा ती स्वतः हजर असताना व्हावी अशी तिची इच्छा आहे. तारीख अजून हाती आलेली नाही, म्हणून मी मिस्साच्या वहीत ते नाव पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.